भटारखान्याची फरशी निवडताना या चुका टाळा

गिऱ्हाईक बसतं त्या हॉलच्या फरशीसाठी मालक चार दुकानं फिरतो आणि आत भटारखान्यात मात्र उरलेल्या पेट्या बसवतो. खरं तर जोखीम आतच असते. उकळत्या कटाचं पातेलं दोघे मिळून उचलून नेत असताना एकाचा पाय घसरला, तर भाजणं आयुष्यभराचं असतं. म्हणून खर्च कमी करायचाच असेल, तर तो हॉलमध्ये करा.

कोरडा नमुना बघून पसंती

दुकानात सगळ्याच टाइल्स छान दिसतात. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही हे खरं, पण तिच्यावर पाणी आणि तेल एकत्र सांडलं की पाय टिकत नाही. नमुना मागून घ्या, त्यावर पाणी आणि चमचाभर तेल टाका आणि तुमची माणसं कामावर घालतात तीच चप्पल घालून उभे राहा. मोठ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात आर ९ ते आर १३ अशी श्रेणी दिलेली असते. तेल लावलेल्या उतारावर माणूस चालवून ती ठरवतात. आकडा जितका मोठा, तितकी पकड चांगली. भट्टी आणि तळणाच्या कढईजवळ आर १२ घ्यावी, इतरत्र आर ११ च्या खाली जाऊ नये, असं माझं मत आहे.

याच्या उलट चूकही सर्रास दिसते. पकड हवी म्हणून खोल नक्षीच्या पार्किंग टाइल्स बसवतात. नक्षीत पीठ आणि तेल बसतं, ब्रश तळापर्यंत पोहोचत नाही आणि काही महिन्यांत तीच फरशी सगळ्यात निसरडी होते. बारीक वाळूसारखा खरखरीतपणा हवा, खाचा नकोत.

कोटा म्हणजे बिनधोक, हा समज

कोटा आणि शहाबादी स्वस्त आहेत, दणकट आहेत. पण दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडून तसंच राहिलं की दगड खाल्ला जातो आणि पांढुरके, खडबडीत डाग पडतात. ते पुसून जात नाहीत, घासून पुन्हा पॉलिश करावं लागतं, आणि पॉलिश केलं की घसरण वाढते. धान्य-किराण्याच्या खोलीत कोटा खुशाल लावा, चटण्या वाटण्याच्या जागी नको.

भट्टीपुढे साधा इपॉक्सी

सांधे नसलेली अखंड फरशी म्हणून इपॉक्सी, म्हणजे काँक्रीटवर ओतून घट्ट होणारा रेझिनचा थर, आकर्षक वाटतो. मात्र उकळतं पाणी वारंवार पडलं की तो मऊ पडतो, फुगतो आणि पापुद्रे सुटतात. अशा जागी पीयू सिमेंटची (पॉलियुरेथेन आणि सिमेंटच्या मिश्रणाची) फरशी टिकते, कारण उष्णतेने ती खालच्या काँक्रीटइतकीच प्रसरण पावते. जाडी ६ ते ९ मिमी लागते. गरम तेल-पाणी सांडतं तिथे ९ च घ्या. ठेकेदाराने पातळ थर देऊन ‘चालतंय’ म्हटलं, तर ऐकू नका. खालची ओल आधी तपासा: प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले, तर काम थांबवा.

ढाळ विसरणं

फरशी कितीही महाग असो, पाणी साचलं की ती निसरडीच. दहा फुटांना साधारण दीड इंच ढाळ जाळीकडे हवा. टाइल बसवण्याआधी कोब्यावर बादलीभर पाणी ओतून बघा; नंतर दुरुस्ती म्हणजे तोडफोड. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांनुसारही फरशीला योग्य उतार हवा आणि सांडपाणी अन्न तयार होण्याच्या क्रमाच्या उलट दिशेने वाहायला हवं, म्हणजे तयार पदार्थांकडून कच्च्या मालाकडे. भिंत आणि फरशी मिळते तिथे काटकोन न ठेवता गोलाई करून घ्या.

वास येतो, फरशी बदलू का?

बहुतेक वेळा गरज नसते. दोष सांध्यांतल्या व्हाइट सिमेंटचा असतो. ते तेल पितं, झिजतं, मग खाली पाणी मुरतं. त्यात रोज ॲसिडने धुतलं तर सांधे आणखी लवकर रिकामे होतात. आधी लाकडी दांड्याने ठोकून बघा. बद्द आवाज येणारी, पोकळ झालेली टाइल काढून नव्याने बसवा. बाकीचे सांधे खरवडून, पूर्ण सुकवून इपॉक्सी ग्राउटने भरा. ते ग्राउट पक्कं व्हायला साधारण आठवडा लागतो, तोवर गरम पाणी आणि सोडा लांब ठेवा. त्यानंतर रोज रात्री गरम पाण्यात धुण्याचा सोडा मिसळून फरशीवर दहा मिनिटं राहू द्या, कडक ब्रशने घासा आणि वायपरने जाळीत ओढा. ओल्या फडक्याने पुसलं तर तेल नुसतं पसरतं. सोडा डोळ्यांना आणि हातांना लागतो, त्यामुळे घासणाऱ्या माणसाला हातमोजे आणि गमबूट द्या.