पिसवांची ॲलर्जी घालवायची तर आधी गोधडी उचला

कुत्रा शेपटीच्या बुडाशी चावून चावून केस काढतोय किंवा मांजराच्या मानेवर-पाठीवर बारीक खपल्या हाताला लागतायत, तर पहिला संशय पिसवांवर घ्या. "आमच्याकडे पिसवा दिसतच नाहीत" हे ऐकून मी थकले आहे. ही ॲलर्जी पिसवेच्या लाळेची असते, थोडे चावेही पुरतात. मांजर तर पिसवा चाटून गिळून टाकतं. बारीक फणीने विंचरा, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे औषध घ्या, घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच दिवशी द्या. कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात, जीवही जातो. कापूर आणि टी ट्री तेलाचे घरगुती उपायही नकोत, दोन्ही मांजरांना विषारी आहेत.

आता घर. मी इथेच फसले होते. सदाशिव पेठेतलं जुनं घर, ऐन श्रावण. कुत्रीला औषध लावलं, खोल्या फवारल्या, आणि पंधरा दिवसांत पुन्हा पिसवा. मी औषध बदललं. चूक औषधाची नव्हतीच. पिसवेची मादी दिवसाला 40-50 अंडी घालू शकते आणि ती अंगावरून गळून दिवाणाखाली, फरशीच्या सांध्यांत, गोधडीत पडतात. अळ्या तिथेच अंधारात वाढतात आणि कोष करतात. कोषात कीटकनाशक पोहोचत नाही. आतली पिसू महिनोन्महिने थांबते, पावलांचा हादरा किंवा अंगाची ऊब जाणवली की बाहेर येते. पुण्याच्या पावसाळ्यातली दमट हवा तिला मानवतेच.

म्हणून व्हॅक्यूम क्लीनर रोज फिरवा, दिवाण सरकवून, भिंतीच्या कडेकडेने. त्याच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, आणि आपल्याला तेच हवं असतं. पिशवी लगेच घराबाहेर टाका. नुसत्या केरसुणीने सांध्यांतलं निघत नाही. जनावराचं अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा. औषधाचे डोस किमान 3 महिने ठरल्या तारखेला द्या. मधे चार पिसवा दिसल्या तरी थांबू नका, त्या जुन्या कोषांतल्या असतात.

कातडी ओली झाली, पू आला, तर थेट दवाखाना गाठा. खाजेच्या स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने देऊ नका. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसले, तर तेही डॉक्टरांना सांगा. तो पिसू गिळल्यामुळे होणारा पट्टकृमी असतो, त्याचं औषध वेगळं द्यावं लागतं.