जुन्या गाडीचा सेन्सर बदलताय? आधी या चुका टाळा

चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर (बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र) जोडला, कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव दिसलं तो बदलून टाकला. ही घाई पाहिली की खरंच वाईट वाटतं, कारण असे कितीतरी धडधाकट सेन्सर भंगारात जातात. कोड बोट दाखवतो ते सर्किटकडे. त्यात वायर, कनेक्टर, अर्थिंग सगळंच आलं, आणि वर्षानुवर्षं इंजिनची धग सोसलेल्या गाडीत हेच आधी दगा देतं.

एका पेट्रोल गाडीचा कूलंट टेंपरेचर सेन्सर मालकाने दोनदा बदलला होता. तरी कोड पी ०११८ हटेना. इंजिन तापलेलं असताना सुरू व्हायला त्रास, मागून काळा धूर. स्कॅनरवर तापमान होतं उणे ४० अंश! हा आकडा दिसला की सर्किट कुठेतरी तुटलंय असं धरून चालायचं. हा सेन्सर जितका थंड, तितका त्याचा रेझिस्टन्स जास्त. त्यामुळे वायर तुटली तरी ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) वाटतं कडाक्याची थंडी आहे, आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. मी कनेक्टर काढून त्याच्या दोन पिना तारेने जोडल्या. वायरिंग शाबूत असतं तर आकडा शंभराच्या वर गेला असता. तो हललाच नाही. कनेक्टरच्या मागे, वरचं आवरण अखंड असताना, आतली तार तुटली होती. ही तपासणी दोन वायरच्या तापमान सेन्सरपुरतीच करा. तीन वायरच्या सेन्सरला सहसा ५ व्होल्टचा पुरवठा असतो, तिथे तार लावायची नाही.

गाडी तापली की बंद पडते आणि निवली की सुरू होते? मग क्रँक सेन्सरचा (क्रँकशाफ्टचं फिरणं टिपणाऱ्या सेन्सरचा) रेझिस्टन्स दुसऱ्या दिवशी सकाळी मोजून काय कळणार? थंड असताना तो बरोबरच भरतो. बंद पडल्या जागीच, गरम असताना मोजा. मी मल्टीमीटर गाडीतच ठेवतो.

एअरफ्लो सेन्सरवर (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरवर) कार्बोरेटर क्लीनर मारू नका, त्याचा वेगळा स्प्रे मिळतो.

पी ०१७१ (मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी) हा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर मागवण्याआधी व्हॅक्युम होज (इंजिनच्या व्हॅक्युमच्या रबरी नळ्या) वाकवून, दाबून तडे शोधा.

आणि कोड पुसायची घाई नको. कोड पडला तेव्हाचं तापमान, आरपीएम, लोड त्याच्यासोबत साठवलेलं असतं. आधी ते कागदावर उतरवून घ्या.