घरात म्हणतात पूर्वज पोलिसात होते, तर कोल्हापूर संस्थानातली माहिती शोधायची कशी

कोल्हापुरात दर चार घरांमागं एका घरात ऐकायला मिळतं, "आमचे थोरले फौजदार होते संस्थानात." आता खरं सांगायचं तर या गोष्टींना दर पिढीला एक बढती मिळत जाते, मूळचा शिपाई नातवाच्या तोंडी हवालदार होतो आणि पणतवाच्या तोंडी फौजदार. त्यामुळं हुद्दा सध्या बाजूला ठेवा, माणूस शोधा. आणि तो शोधताना एक गोष्ट डोक्यात पक्की धरा, १९व्या शतकातला साधा शिपाई पोलीस खात्याच्या कागदात फार कमी सापडतो, तो सापडतो त्याला जे मिळालं त्या कागदात, म्हणजे जमीन, पगार, इनाम, नाहीतर पेन्शन. त्यामुळं थेट कसबा बावड्याला पोलीस मुख्यालयात जाऊन "१८८० चं सर्व्हिस बुक द्या" म्हणू नका, तिथला क्लार्क तुमच्याकडं बघत बसेल.

सुरुवात घरातूनच करायची. आधी पिढ्यांचा हिशोब मांडा, एका पिढीला साधारण २५ ते ३० वर्षं धरा. तुमचा जन्म १९८० चा असेल तर १८८० ला नोकरीत असलेला माणूस हा पणजोबा बहुतेक नसणारच, खापरपणजोबा किंवा त्यांचे वडील असणार. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पण "पोलीस होते का" असं नको, वेगळं विचारा. जमीन कुठली, कशाबद्दल मिळाली, मूळ गाव कुठलं, भावकी कुठं कुठं गेली, कुलदैवत कोण, घरात जुनी ट्रंक आहे का. आत्याला आणि चुलत आजीला विचारायचं विसरू नका, बायकांच्या लक्षात नाती जास्त राहतात.

"बंडात होते" असं कोणी म्हणालं तर लगेच विचारा, कुठल्या बंडात? कारण आपल्याकडं दोन आहेत. १८४४ चं गडकऱ्यांचं, म्हणजे किल्ल्यावरच्या शिपायांचं बंड, सामानगड, भुदरगडकडचं, त्याच्यानंतर गडकऱ्यांची पिढीजात चाकरी मोडली आणि ती माणसं दुसऱ्या कामाला लागली. आणि दुसरं १८५७ चं, ३१ जुलैला २७व्या पलटणीचं, पण ती कंपनी सरकारची पलटण होती, दरबारची म्हणजे कोल्हापूरच्या राजाच्या सरकारची नव्हे. कुठल्या बंडाची गोष्ट आहे त्यावर पुढची फाईल कुठं शोधायची ते ठरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. माणूस कुणाचा नोकर होता ते ठरवा. आजचा कोल्हापूर जिल्हा म्हणजे तेव्हाचं संस्थान नाही. दरबारचा मुलूख वेगळा, आणि त्यात जहागिरी वेगळ्या, विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी, कापशी, तोरगल अशा, ह्यांचा कारभार बराचसा स्वतःचा होता. म्हणजे इचलकरंजीचा शिपाई दरबारच्या हजेरीत शोधून काही उपयोग नाही. परत दरबारच्या मुलखाचे पेटे, म्हणजे तालुके होते, करवीर, पन्हाळा, आळते, शिरोळ, गडहिंग्लज, भुदरगड. कागदावर "पेटा आळते" दिसलं तर गोंधळू नका, तो आजचा हातकणंगले भाग. आणि रायबाग, कटकोळ हे तेव्हा आपल्याकडं होते, आज बेळगाव जिल्ह्यात आहेत, त्यामुळं तिकडचे जमिनीचे कागद बेळगावकडं बघावे लागतात. गावाचं नाव घेऊन जुन्या कोल्हापूर गॅझेटिअरमध्ये बघा, १८८६ चं आहे, बॉम्बे गॅझेटिअर मालेचा २४वा खंड, ऑनलाईन फुकट मिळतो. त्यात न्याय आणि पोलीस यावर प्रकरण आहे, तुमच्या माणसाचं नाव नाही मिळणार पण बंदोबस्त कसा होता ते कळेल. इंग्रजी जमत नसेल तर करवीर नगर वाचन मंदिरात जा, १८५० पासूनची लायब्ररी आहे, संस्थानाच्या इतिहासावर मराठीत भरपूर मिळतं.

हे वाचताना कळेल की पोलीस म्हणजे काठी-पट्टेवाला एकच प्रकार नव्हता. गावात पोलीस पाटील आणि त्याच्या हाताखाली महार, रामोशी, बेरड हे पहाऱ्याचं, चोराचा माग काढायचं काम करत, वतनावर. दुसरे शेतसनदी, म्हणजे पगाराऐवजी जमीन आणि त्याबदल्यात चाकरी, सनदी आडनावाची घरं आजही आहेत. तिसरी शिबंदी, रोख पगारावरची. आणि मग शहरातले पगारी पोलीस. आडनाव जमादार, हवालदार, नाईकवाडी असेल तर खूण म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही, कारण जमादार फौजेतही होते आणि कचेरीतही.

वतनवाला किंवा सनदी असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण जमिनीचा कागद सहसा कोण फेकत नाही. आजच्या सातबारावरून मागं मागं जायचं, फेरफार काढत. इतर हक्कात "इनाम वर्ग ६ब" किंवा नवीन शर्त, भोगवटादार वर्ग २ असं काही दिसलं तर थांबा, ती जमीन कधीतरी चाकरीची असू शकते. पाटीलकी वतनं १९६३ ला गेली, तेव्हा जमीन परत देताना वारस कोण कोण ते लिहून घेतलं होतं, त्या फाईलीत दोन-तीन पिढ्या एका फटक्यात मिळतात. महार वतनाचं मात्र आपल्याकडं वेगळं, शाहू महाराजांनी १९१८ लाच ती वतनं मोडून जमिनी रयतावा केल्या, म्हणजे साध्या सारा भरायच्या जमिनी केल्या, म्हणून शेजारच्या साताऱ्यासारखा १९५८ च्या कायद्याचा कागद इथं शोधत बसू नका, त्याआधीचं बघा. तहसीलदार कचेरीत आणि भूमी अभिलेखला गाव नमुना १४ चं जन्म-मृत्यू रजिस्टर, हक्क नोंद, शेतवार पत्रक, पक्का बुक अशी नावं घेऊन मागा, "जुने कागद द्या" म्हटलं की नाही म्हणतात. २०२३ ला न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी हे सगळं उपसलं गेलं, बरंच स्कॅन झालंय, तेव्हा आधी ते ऑनलाईन बघा आणि मगच कचेरीची पायरी चढा. तुम्हाला दाखला नको असला तरी नावं तीच आहेत की.

पगारी असेल तर कोल्हापूरचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं दफ्तर. अर्ज, ओळखपत्र, कशासाठी हवंय ते, आणि पेटा, साल हे लिहून घेऊन जा. पुराभिलेख खात्याची मुंबई आणि पुण्यालाही मोठी दफ्तरं आहेत. १८४४ च्या बंडानंतर १८६२ पर्यंत कारभार इंग्रज पोलिटिकल सुपरिटेंडंटच्या हातात होता, त्यामुळं त्या काळातला बराच पत्रव्यवहार इंग्रजीत आणि इंग्रज सरकारच्या दफ्तरात आहे. तिथं शोधताना लक्षात ठेवा, जुन्या इंग्रजीत कोल्हापूरचं स्पेलिंग बऱ्याचदा एच न घालता करायचे, नुसतं आजचं स्पेलिंग टाकलं तर सर्चमध्ये बरंच सुटतं. थोरले मुंबईला पोलिसात होते अशी गोष्ट असेल तर मुंबईच्या पुराभिलेखात न्याय खात्याचे खंड बघायचे, पण तिथं शिपायाचं नाव येतं ते बक्षीस, शिक्षा नाहीतर मृत्यू यातल्या एकाच कारणानं.

दरबारचे कागद मोडीत असतात. घाबरू नका. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग होतात, नाहीतर मोडी वाचणारा माणूस कोल्हापुरात सहज मिळतो. पण स्वतः निदान चार अक्षरं आणि आपलं आडनाव मोडीत ओळखायला शिका. मोडीत आधी वरची ओळ सलग ओढायची आणि मग अक्षरं खाली लोंबत जातात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळं नाव कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं हेच पहिल्यांदा कळत नाही. तिथं "बिन" शोधा. समजा "राणोजी बिन बाळोजी", म्हणजे बाळोजीचा मुलगा राणोजी, एका शब्दात एक पिढी हातात आली. मुसलमान शिपायांच्या नावात "वलद" असतं, बाईच्या नावात "कोम", म्हणजे अमक्याची बायको, नवरा मेल्यावर तिनं पोटगी मागितली असेल तर ती अर्जी अशी सापडते. खाली सही नसेल, निशाणी असेल, पाटलाची नांगर, कोणाची कट्यार.

सालाचा घोळ सगळ्यांचाच होतो. जुन्या कारभारात सालं मोजायच्या तीन पद्धती दिसतात, एका कागदावर शक १८०१, दुसऱ्यावर फसली १२८९, तिसऱ्यावर सुहूर सन "समानीन मयातैन व अलफ" म्हणजे १२८०, आणि हे तिन्ही १८७९-८० च. शकात ७८ मिळवा, फसलीत ५९०, सुहूरमध्ये ५९९. फसली आणि सुहूर मृगापासून, म्हणजे जूनपासून सुरू होतात, त्यामुळं जानेवारी ते मे मधला कागद असेल तर आणखी एक वर्ष.

कागद नसेलच तर हेळवी. सुगीनंतर गावात बैल घेऊन येतात, घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात, धान्य-पैसे घेऊन जातात. तुमच्या भावकीचा हेळवी कोण ते गावात विचारा. त्यांच्याकडून नावांची साखळी घ्या, पराक्रमाचं मीठमसाल्याचं घेऊ नका. पंढरपूर, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडंही गावावार वह्या असतात.

बऱ्याचदा शेवटी असं निघतं की थोरले बडतर्फ झाले होते, दारू, रजेवर गेले ते आलेच नाहीत, नाहीतर कैदी पळाला. ती फाईल लपवू नका, उलट सगळ्यात जास्त माहिती तीतच असते, वय, गाव, किती वर्षं नोकरी, वरिष्ठ कोण, सगळं, कारण चौकशी झालेली असते. फोटो काढायची परवानगी मिळाली तर आधी दफ्तराच्या रुमालाचा (कागद बांधलेल्या गाठोड्याचा) आणि फाईलचा नंबर फोटोत घ्या, मग कागद, आणि लागणारच असेल तर नक्कलेचा अर्ज त्याच दिवशी देऊन या.