गाळ्याचं भाडं परवडंना? सोडायचं किंवा कमी करून घ्यायचं तर आधी हे करा

लातूरच्या गंजगोलाईत असो की नांदेडच्या वजिराबादला, धंदा बसला की आपली लोकं आधी भाडं थकवतात अन् मग मालकाचा फोन उचलणं बंद करतात. कृपा करून असं करू नका, भाडं चालू आहे तोवरच तुमच्या शब्दाला वजन असतं.

आधी करार काढा. लीव्ह अँड लायसन्स (नुसती वापरायची परवानगी) आहे की भाडेपट्टा, लॉक-इन (ज्या मुदतीत गाळा सोडता येत नाही ती) किती, नोटीस किती महिन्यांची, डिपॉझिट कधी परत, एवढं पेनानं खूण करून ठेवा. लॉक-इन संपलं असंल तर सोपंय, स्पीड पोस्टानं नोटीस द्या अन् पावती जपा. चालू असंल तर मालक उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं मागंल, पण घाबरून लगेच हो म्हणू नका, 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 वाजवी भरपाईचं बोलतं, करारातला आकडा ही वरची हद्द असते. म्हणून स्वतःच नवीन भाडेकरू शोधून मालकासमोर उभा करा, गाळा रिकामा राहिला नाही तर भांडायला फारसं उरतच नाही. मालकाला न विचारता मात्र पोटभाड्यानं देऊ नका, त्यावरून गाळा खाली करायचा दावा लागू शकतो.

करार तोंडीच झालाय? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणं करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. सोडायचं असंल तर दुकानासाठी साधारण 15 दिवसांची लेखी नोटीस धरतात.

दुकान सोडायचं नसंल तर वर्षभराच्या विक्रीची वही अन् शेजारच्या गाळ्यांचे भाव घेऊन जा, "काका, परवडंना" एवढ्यावर कोणी भाडं कमी करत नाही. सहा महिने कमी भाडं मागा, नाहीतर या वर्षीची वाढ थांबवा म्हणा, अन् बदल्यात दोन वर्षं जास्त राहायची तयारी दाखवा, मालकालाही गाळा बंद राहायची भीती असतेच की. आपल्याकडं पेरणीच्या टायमाला लोकांचा पैसा शेतात गुंतलेला असतो, गिऱ्हाईक दिवाळीलाच दिसतं, तर कमी भाड्याचे महिने त्या हिशोबानं मागा. ठरलं की मूळ कराराला जोडून पुरवणी करार लेखी करून घ्या, नुसत्या व्हॉट्सॲपवर थांबू नका.

शेवटच्या दिवशी गाळ्याचे फोटो, मीटर रीडिंग अन् लाइट बिल हे सगळं मालकासमोर करा. चावी एका हातानं, डिपॉझिट दुसऱ्या हातानं, अन् "ताबा मिळाला, बाकी काही नाही" असं सहीनिशी लिहून घेतल्याशिवाय शटरचं कुलूप देऊ नका.