कॅम्परचे स्क्रू गंजतायत? या चुका टाळा

कॅम्परच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, स्क्रूच्या डोक्यावर गंज दिसला की लोक वरून रंगाचा हात मारतात नाहीतर सिलिकॉन फासतात आणि मोकळे होतात. हे बघून बघून खरंच वैताग आलाय. अहो, गंज वर दिसतो पण पाणी बऱ्याचदा आतून, लाकडात मुरून आलेलं असतं. आधी एक स्क्रू काढून बघा. दांडा चकचकीत असेल तर नुसता स्क्रू बदला, पण दांडा काळा पडून बारीक झाला असेल तर आत ओल आहे, मग रंगाचा काही उपयोग नाही.

माझ्या पहिल्या कॅम्परला मागच्या कोपऱ्यावरून तपकिरी ओघळ यायचे. मी दर वेळी पुसायचो आणि कोपऱ्यावरच्या धातूच्या पट्टीच्या कडेने सिलिकॉन भरायचो, अगदी खालचं टोकसुद्धा बंद केलं होतं. दोन वर्षांनी तिच्या खाचेत बसवलेली, स्क्रू झाकणारी व्हिनाइलची पट्टी ओढून काढली तर खाचेत पाणी साचलेलं, चार स्क्रूंची डोकी पेचकस लावताच हातात आली आणि मागचं लाकूड ओल्या पुठ्ठ्यासारखं, बोटाने उकरता येत होतं. झालं असं की ती व्हिनाइलची पट्टी उन्हाने आकसून वरच्या टोकापासून खाली सरकली होती, तिथून पाणी आत शिरायचं आणि खालून जायची वाट मीच बुजवलेली. तेव्हापासून व्हिनाइलची पट्टी आकसलेली दिसली की बदलतो, जुनं सिलंट पूर्ण खरवडतो, धातूच्या पट्टीखाली ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट रबरी टेप) लावतो, आणि खालचं टोक मोकळंच ठेवतो. स्क्रू हाताने आवळतो आणि एक-दोन दिवसांनी परत थोडा आवळतो, कारण टेप दबून बाहेर येते. घाई असणाऱ्यांना हा दुसरा फेरा नको असतो, आणि गळती तिथूनच सुरू होते.

दुसरी चूक, स्टेनलेस लावलं म्हणजे प्रश्न मिटला असं समजणं. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम एकत्र आले आणि वर खारं पाणी पडलं की अॅल्युमिनियम झिजतं, भोकाभोवती पांढरी पावडर दिसते आणि स्क्रू जाम होतो. मी आट्यांना अँटी-सीझ (स्क्रू जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) नाहीतर सिलंट लावल्याशिवाय एकही स्क्रू बसवत नाही, डोक्याखाली नायलॉन वॉशर टाकतो. उलटं, म्हणजे स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात अॅल्युमिनियमचे छोटे रिव्हेट, हे तर करूच नका, रिव्हेट फार लवकर खाल्ले जातात. समुद्राजवळ फिरणार असाल तर स्टेनलेसच्या ३०४ ग्रेडऐवजी ३१६ घ्या, त्यात मॉलिब्डेनम असल्याने मिठापुढे जास्त टिकतं.

बाकीच्या पटकन सांगतो. जिप्सम बोर्डचे काळे स्क्रू बाहेर कधीच नाही. झिंक चढवलेल्या स्क्रूवरचा थर अगदी पातळ असतो, इम्पॅक्ट ड्रायव्हरने (झटके देत स्क्रू आवळणारं मशीन) ठोकलात की डोक्यावरच्या खाचेतला थर निघतो आणि गंज तिथूनच धरतो. साध्या लोखंडी वायर ब्रशने स्टेनलेस घासू नका, लोखंडाचे कण चिकटतात आणि तेच गंजतात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूजवळ नको, त्यातलं अॅसिड धातू खातं.

आणि समुद्रावरून आलात की त्याच दिवशी खालचा सांगाडा, पायरीचे बोल्ट गोड्या पाण्याने धुवा, वाळले की स्प्रेने वॅक्स मारा. मीठ सुकून बसलं की ते हवेतली ओल ओढत राहतं, मग गाडी कोरड्या शेडमध्ये उभी असली तरी बोल्ट गंजत राहतात.