पाणी येण्याच्या दिवसाची प्रार्थना

सोलापुरात पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी नळ सुटतो आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्यांची झोप, शाळा, डबा सगळं त्या नळाच्या तालावर चालतं. आमच्या चर्चच्या तरुण संघातल्या नववीच्या एका मुलाला मी विचारलं होतं, "प्रार्थना कधी करतोस रे?"

"वेळच मिळत नाही काकू."

"घरी पाणी कोण भरतं?"

"मीच."

"मोटर लावल्यावर टाकी भरेपर्यंत काय करतोस?"

"बसतो मोबाइल घेऊन."

मी एवढंच सांगितलं, की पहिला पिंप भरेपर्यंत मोबाइल खिशात ठेव आणि ज्यांच्याकडे आज पाणी चढणार नाही त्यांची नावं देवापुढे घे. दोन-तीन आठवड्यांनी उपासना सुटल्यावर तो माझ्यामागून चपलांपर्यंत आला. "काकू, वरच्या मजल्यावर एकट्या आजी राहतात, त्यांचं नाव घ्यायचो. पण नुसतं नाव घेऊन खाली बसायला कसंतरी वाटायला लागलं. आता दोन कळशा वर नेऊन देतो."

त्याला सेवा या विषयावर मी एक शब्दही शिकवला नव्हता.

माझा शाळेच्या गणवेश शिलाईचा छोटा धंदा आहे. मे-जूनमध्ये मशीनवरून उठायला मिळत नाही, बाकी वर्षभर रविवारची संध्याकाळ मी मंडळीतल्या तेरा ते अठरा वयाच्या मुलांना देते. सोळा वर्षं झाली. पाळकसाहेबांनी सोपवलं तेव्हा वाटलं होतं की धडे घ्यायचे, वचनं पाठ करून घ्यायची, नाताळात नाटक बसवायचं. मुलं पाठ करायची, नाटकही छान व्हायचं, आणि दहावी झाली की निम्मी दिसेनाशी व्हायची. मग हळूहळू माझी पद्धत बदलली. ज्यांच्या घरात, मंडळीत या वयाची मुलं आहेत त्यांच्यासाठी ती इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, मुलाच्या दिवसात आधीपासून असलेली खुंटी शोधा. "रोज सकाळी लवकर उठून अर्धा तास शास्त्र, म्हणजे बायबल, वाच" हे सांगणं सोपं आहे, पण ज्या पोराची शाळा सातला भरते आणि ज्याच्या घरात दोन खोल्यांत सहा माणसं झोपतात, तो अर्धा तास कुठून आणणार? ट्यूशनला जाताना रिक्षातली दहा मिनिटं, भाकरी थापणाऱ्या आईजवळ बसण्याची वेळ, धाकट्या भावाला शाळेत सोडण्याची वाट, यांतलं जे रोज होतंच ते पकडायचं. एका मुलाला एकच खुंटी. ती त्याने स्वतः निवडायची, आपण फक्त विचारायचं, "तुझ्या दिवसात रोज न चुकता काय होतं?" एका मुलीने दप्तर भरण्याची वेळ निवडली. वही-पुस्तक आत ठेवताना ती त्या त्या विषयाच्या शिक्षकांसाठी प्रार्थना करते. गणिताच्या सरांसाठी सगळ्यात जास्त, असं तिने मला गंभीरपणे सांगितलं.

आता वाचनाचं. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. आपल्या मंडळ्यांत घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं असतात, शाळा इंग्रजी माध्यमाची असते, आणि आपण त्यांच्या हातात जुन्या वळणाचं मराठी शास्त्र देतो. मूल अडखळतं, शेजारचा हसतो, आणि ते पुन्हा कधी मोठ्याने वाचत नाही. आपण समजतो की त्याला गोडी नाही. खरं म्हणजे त्याला अक्षरं जड जातात. म्हणून आधी ऐकवा. सोप्या मराठीतलं भाषांतर घ्या, मुलाला घरात तेलुगू जवळची असेल तर तेलुगूतून घ्या. देवाला कोणतीच भाषा परकी नाही.

सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकापासून, करा. 16 अध्याय आहेत, सगळं शुभवर्तमान सलग मोठ्याने वाचलं तर साधारण दीड तासात होतं. आम्ही पावसाळ्यात एका रविवारी तसंच वाचतो. सगळे गोल बसतात, ज्याला वाचायचं तो वाचतो, ज्याला नको तो ऐकतो, मध्ये चहा आणि शेंगा. वादळात होडीच्या मागच्या बाजूला येशू उशाशी उशी घेऊन झोपला होता ही गोष्ट मुलांनी शंभरदा ऐकलेली असते, पण सलग ऐकताना कळतं की तो त्याआधी दिवसभर लोकांना शिकवून दमलेला होता. सातवीतला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे पप्पा रात्रपाळी करून आल्यावर झोपतात तसा?" त्याचे वडील यंत्रमागावर टॉवेलच्या कामाला आहेत. मी त्यावर काही बोलले नाही. त्याच्या डोक्यात जे जुळलं होतं ते माझ्या स्पष्टीकरणापेक्षा मोठं होतं.

महिन्याला शास्त्रातलं नीतिसूत्रे हे पुस्तक घ्या. 31 अध्याय आहेत, ज्या तारखेला जो अध्याय. एखादा दिवस बुडाला तर मागचं भरून काढायचं नाही, आजच्या तारखेचा वाचायचा. हे शेवटचं मुलांना ठासून सांगा. बुडालेल्या दिवसांचा ढीग डोक्यावर बसला की ती सगळंच सोडून देतात. डिसेंबरात लूकचं शुभवर्तमान घ्या, 24 अध्याय, एक तारखेपासून रोज एक. नाताळच्या आदल्या रात्री ते पुनरुत्थानाच्या गोष्टीपाशी पोहोचतात, आणि गव्हाणीतलं बाळ पुढे कुठवर गेलं हे कळल्यानंतर नाताळची सकाळ उजाडते.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती अजून पुष्कळ ठिकाणी होते. एका रविवारी मी आठवीतल्या एका मुलीला सगळ्यांसमोर उभं केलं आणि पाठांतर विचारलं. तिला आलं नाही. मी म्हणाले, "घरी कुणी लक्ष देत नाही वाटतं." चार महिने ती आली नाही. मग तिच्या आजीकडून कळलं की तिची आई त्या महिन्यात माहेरी निघून गेली होती आणि स्वयंपाक हीच करत होती. मी त्यांच्या घरी गेले, ओट्याशी तिच्या शेजारी उभी राहिले आणि तिची माफी मागितली. आजीसमोर मागितली, कारण अपमानही लोकांसमोरच केला होता. ती काही बोलली नाही, माझ्या हातात लसूण सोलायला दिला. तेव्हापासून मी कुणालाही सगळ्यांसमोर पाठांतर विचारत नाही. आणि मोठ्या माणसाने लहानाची माफी मागताना मुलं पाहतात तेव्हा क्षमा म्हणजे काय ते त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

मुलांच्या प्रश्नांना घाबरू नका. "आजोबांसाठी इतकी प्रार्थना केली, तरी ते का गेले?" असं विचारणाऱ्या मुलाला लगेच वचन फेकून मारू नये. त्याच्याजवळ बसावं, आजोबांबद्दल विचारावं. मेलेल्या लाजराच्या कबरेकडे जाताना येशू रडला, आणि त्याला उठवायचं आहे हे माहीत असतानाही रडला, हे त्याच्यासोबत हळू वाचावं. शंका म्हणजे विश्वास गेला असं नाही. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. त्या कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, दुखावल्या, भांडल्या, विचार करत राहिल्या आणि आपल्याच पावलांनी ख्रिस्ताकडे आल्या. मी हे मुलांना मुद्दाम सांगते. ज्यांची भजनं आपण पेटीवर म्हणतो त्यांच्या घरातही एका रात्रीत काही झालं नव्हतं.

शाळेतल्या मित्रांचा विषय जानेवारीत हमखास निघतो. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, सगळं शहर रस्त्यावर, आणि आपलं मूल विचारतं, "मी मित्रांबरोबर जाऊ का?" घराघरांत याचं उत्तर वेगळं असेल, ते आई-वडिलांनी मुलाशी बोलून ठरवावं. शास्त्रातल्या रोमकरांस पत्राचा, एकमेकांना दोष लावू नका असं सांगणारा, 14 वा अध्याय सोबत वाचला तर बोलणं शांतपणे होतं. पण एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते: मित्राच्या श्रद्धेबद्दल हलकं बोलायचं नाही, आणि आपलीही लपवायची नाही. तिळगूळ दिला तर प्रेमाने घ्या. नाताळला त्याला घरी बोलवा, करंजी आणि केक पुढे ठेवा, विचारलं तर सांगा. प्रेषित पेत्राने आशेचं उत्तर सौम्यतेने आणि आदराने द्यायला सांगितलं आहे, आणि मुलं त्यातला "आदराने" हा शब्द विसरतात, म्हणून मी तो दोनदा वाचायला लावते.

मोबाइलबद्दल मोठं भाषण नको. रात्री सगळ्यांचे मोबाइल एका जागी चार्जिंगला, आई-वडिलांचेही. वडिलांचा मोबाइल उशीखाली राहिला तर नियम पहिल्याच आठवड्यात मोडतो.

परीक्षा आली की मंडळीत मुलांसाठी लांब प्रार्थना होतात आणि मुलं आणखी घाबरतात. दहावीच्या पेपरच्या सकाळी घरी दोन वाक्यांची प्रार्थना पुरे. मी एक जास्तीची गोष्ट सांगते: पेपर हातात येण्याआधी पुढच्या बाकावर बसलेल्यासाठी प्रार्थना कर, तो कुणीही असो. एकाने परत येऊन सांगितलं की त्याच्या छातीतली धडधड त्याच वेळी थांबली. क्लासच्या चाचण्या रविवारी सकाळीच ठेवतात. त्यावरून मुलांना टोचून बोलण्यापेक्षा आम्ही आमचा वर्ग संध्याकाळी सहाला नेला.

आणि काम द्या, खरं काम. नुसत्या खुर्च्या मांडणं नव्हे. मंडळीत येऊ न शकणाऱ्या आजारी माणसांची यादी आमची मुलं ठेवतात आणि दोघं-दोघं जाऊन भेटतात, सोबत एक गीत म्हणतात. वर्गणीचा हिशेब दोन मुली लिहितात आणि महिन्याच्या शेवटी सगळ्यांसमोर वाचतात. चूक झाली तर आपण मागे उभे राहायचं, हातातून काम काढून घ्यायचं नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, आणि छपाईत त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनातल्या मुलींचे, बायकांचे हात होते. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. पुण्याला जाताना दौंड ओलांडलं की केडगाव लागतं. मुलांना घेऊन रेल्वेने जाते तेव्हा मी त्यांना खिडकीपाशी बोलावते आणि सांगते, इथे छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांत तुमच्याएवढ्याही होत्या.

एक कडक नियम आहे, त्यात सूट नाही. मुलाशी एकट्याने बंद खोलीत बोलायचं नाही. दार उघडं, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात, आणि घरच्यांना भेटीची माहिती. मुलाने मनातलं सांगितलं तर ते प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखाली मंडळीभर फिरवू नका. पण कुणी त्याला मारत असेल, अंगाला हात लावत असेल किंवा त्याच्या मनात जिवाचं काही येत असेल, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. त्याच दिवशी विश्वासातल्या जबाबदार माणसाला सांगायचं, 1098 या चाइल्डलाइन क्रमांकावर फोन करायचा. प्रार्थना सोबत करा, तिच्या जागी फोन टाळू नका.

आई-वडिलांनो, तुम्हाला एकच विनंती. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहिताना प्रेषित पौलाने आधी त्याच्या आजीचं नाव घेतलं, लोईस, मग आईचं, युनीके. त्या कसं शिकवत होत्या ते आपल्याला दिसत नाही, पण तो त्यांच्या घरात वाढला. तुमच्या घरी भांडण झाल्यावर कोण आधी बोलतं, कामवाल्या बाईंना चहा कुठल्या कपात देता, उधारी कशी फेडता, हे तुमचं पोर रोज वाचत असतं.

तो पाणी भरणारा मुलगा आता बारावीत आहे. मागच्या महिन्यात वरच्या आजी लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या. रविवारी तो विचारत होता, "काकू, आमच्या गल्लीत अजून कुणाकडे पाणी चढत नाही, कुणाला माहीत असेल?" मी त्याला दुधवाल्याकडे चौकशी करायला सांगितलं आहे, तो सगळे जिने चढतो.