दवाखान्यातले हक्क डिस्चार्जच्या दुपारी आठवतात? मग या चुका टाळा

बिलिंग काउंटरवर आवाज चढतो तो बहुधा डिस्चार्जच्या दिवशी. पेशंटचे कपडे बदलून झालेले, रिक्षा खाली उभी आणि हातात अंदाजाच्या दुप्पट रकमेचं बिल. मग कुणीतरी मोबाइलवर 'रुग्णांचे हक्क' शोधायला लागतं. पण यातले निम्मे हक्क दाखल होतानाच मागायचे असतात, आणि उरलेले तोंडी न मागता कागदावर मागायचे असतात.

फलक न वाचता डिपॉझिट भरणं

महाराष्ट्रात शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणीच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून खासगी दवाखान्याने रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. आता 'दर्शनी भाग' म्हणजे कधीकधी लिफ्टशेजारच्या कुंडीची मागची भिंत असते, पण शोधा आणि फोटो काढून ठेवा. बेडचं भाडं, डॉक्टरांची व्हिजिट, नर्सिंग, ऑक्सिजन यांचे दर त्यात सापडतात. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि दर दोन-तीन दिवसांनी आजवरचं बिल मागत राहा. चौथ्या दिवशी दिसलेली चुकीची नोंद लगेच दुरुस्त होते. चौदाव्या दिवशी तिच्यावरून भांडण होतं. औषधं आवारातल्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती नाही, हेही सनदेतलंच.

अपघात किंवा हार्ट अटॅकसारखा प्रसंग असेल तर पैशाआधी प्राथमिक उपचार. पोलीस केस आहे म्हणून डॉक्टरने हात आखडता घ्यायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे.

'इथे, इथे आणि इथे सही करा'

सर्वांत महागात पडणारी चूक ही. फॉर्म इंग्रजीत, सिस्टर घाईत, आणि नातेवाईक नुसत्या फुल्या बघून सह्या करत सुटतो. फॉर्मवर शस्त्रक्रियेचं नाव, भुलीचा प्रकार, तारीख आणि वेळ यांच्या जागा असतात. त्या कोऱ्या असतील तर सही करू नका. 'आधी भरा, मग करतो' एवढं शांतपणे म्हणायला हरकत नाही, कुणी रागावलं तरी. पुढचे प्रश्न डॉक्टरांना विचारा, सिस्टरला नको: नेमकं काय करणार, न केल्यास काय होईल, दुसरा पर्याय कोणता. मराठीत समजावून घेणं हा तुमचा हक्क आहे, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हाही.

तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचारासाठीची संमती होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे. दुर्बिणीने नुसतं बघायला म्हणून भूल दिली आणि त्याच भुलेत एखादा अवयव काढून टाकला, असं जीव धोक्यात नसताना चालत नाही. आणि पेशंट सज्ञान असून शुद्धीवर असेल तर सही त्याची. आपल्याकडे 'तिला कशाला त्रास' म्हणत नवराच करून मोकळा होतो.

डॉक्टरांपासून लपवणं

सनद म्हटलं की लोक हक्कांचं पान वाचतात, जबाबदाऱ्यांचं उलटतात. खरी माहिती देणं ही त्यातली पहिली जबाबदारी. विम्याचा क्लेम अडकेल या भीतीने पंधरा वर्षांचा डायबेटिस 'आत्ताच निघाला' असं सांगितलं जातं. मग किडनीची काळजी घेऊन द्यायचं औषध त्या काळजीविना दिलं जातं. रक्त पातळ करणारी गोळी, वैद्याची पुडी, तंबाखू, रोजची दारू, सगळं सांगा, सासऱ्यांसमोर नको असेल तर एकांतात सांगा. ऑपरेशनच्या सकाळी आजींना चोरून चहा-बिस्किट देणारी माया तर विशेष घातक: भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. चुकून दिलाच असेल तर भूलतज्ज्ञाला सांगा, ऑपरेशन पुढे ढकलता येतं.

धर्मादाय सवलत शेवटी मागणं

धर्मादाय (ट्रस्टच्या) रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना आहे ही, कुणाची मेहेरबानी नव्हे. पण ती आपोआप लागू होत नाही. दाखल होतानाच तिथल्या समाजसेवकाला गाठून रेशन कार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला द्या. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला भेटा. तिथेही आधी मंजुरी, मग उपचार. रोख भरलेलं बिल नंतर योजनेत बसवणं जवळपास अशक्य.

कागद न घेता घरी जाणं

डिस्चार्ज कार्ड म्हणजे केस पेपर नव्हे. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास नोंदी ७२ तासांत द्याव्यात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपाव्यात, असा भारतीय वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. अर्ज दोन प्रतींत करा, आयपीडी नंबर (दाखल रुग्णाचा नोंदणी क्रमांक) टाका आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का मारून घ्या. पोच नसेल तर ७२ तास मोजायचे कुठून?

हात उचलणं

महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने दवाखान्यातली मारहाण-तोडफोड अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई वसूल होते. शिवाय तक्रारदाराचा तिथल्या तिथे आरोपी होतो आणि मूळ तक्रार बाजूलाच पडते.

चुकीच्या दारात तक्रार

बिलाच्या वादात पेशंट किंवा मृतदेह अडवून ठेवता येत नाही. तसं झालं तर महापालिका हद्दीत पालिकेचा आरोग्य विभाग, इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सक. सवलत नाकारली तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, पण ती भरपाई देत नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तो दवाखाना ग्राहक कायद्याबाहेर राहतो. इतरांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयात मोफत खाट मिळालेला रुग्ण मात्र कायद्याने ग्राहकच ठरतो, तेव्हा 'तुम्ही कुठे पैसे भरलेत?' या प्रश्नाला दबकून अर्ज मागे घेऊ नका.